निकारेतेआजी आणि तुटलेलं कुलूप

आमचं गाव फिलिप्पै शहराहून एका दिवसाच्या वाटेवर. तुरुंगाचा पहारेकरी दामास, माझ्या बहिणीचा नवरा. दाराचं कुलूप माझ्या भट्टीतलं. कैदी एकच: निकारेते, लोकर रंगवणारी म्हातारी. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप घालायला नाही म्हणाली, म्हणून सुभेदार येईपर्यंत कोठडी, पुढे खाणीतली सक्तमजुरी.

कायदा साधा. कैदी पळाला तर त्याची शिक्षा पहारेकऱ्याने भोगायची. दामासला म्हातारीच्या पायांची भीती नव्हती, तिच्या देवाची होती. तिच्या पंथाच्या माणसांसाठी तुरुंगाची दारं म्हणे आपोआप उघडतात.

म्हातारीही डाळ खाता खाता रंगात येऊन सांगायची: यरुशलेमेत देवदूत आला, बेड्या गळाल्या, आमचा माणूस थेट रस्त्यावर.

"आणि पहारेकरी?" एकदा दामासने विचारलं.

"त्यांना राजाने मारलं," ती पुटपुटली. "डाळीत मीठ कमी आहे रे."

"मिठाचं मागाहून बघू, आजी. मला तीन मुली आहेत. तुमच्या देवदूताला जरा सांगून ठेवा."

"तो माझं ऐकतो होय? माझी सून ऐकत नाही."

तिसऱ्या दिवशी भरदुपारी भूकंप झाला. मी पडलेल्या सांडश्या गोळा करत होतो, तर दारात निकारेते. हातात माझं कुलूप, दोन तुकड्यांत. मागे पांढराफटक दामास.

"लोहारदादा, हे तुझंच ना? संध्याकाळी शिपाई तपासायला येतो. तोवर जोडून दे."

"आजी, दार उघडलं होतं. जायचं होतंत."

"गेले की. वेशीपर्यंत गेले. तिथे याच्या पोरी खेळत होत्या. धाकटी विचारते, आजी, बाबा जेवले का?" ती माझ्या स्टुलावर टेकली. "देवदूताचं बरं असतं. दार उघडतो, निघून जातो. पहारेकऱ्याच्या घरी सांगायला कोण जातं?"

मी कुलूप जोडेपर्यंत तिने माझ्या कामात चार चुका काढल्या. संध्याकाळी ती आत होती. शिपायाने कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"भक्कम आहे. भूकंपातही टिकलं."

मी नम्रपणे जमिनीकडे बघितलं.

पुढे सुभेदाराने तिचे सुजलेले, म्हातारे गुडघे पाहिले आणि खाणीऐवजी हद्दपारी दिली. वेशीपर्यंत गाठोडं दामासने उचललं. आता यरुशलेमेची ती गोष्ट चौकात तोच सांगतो. पहारेकऱ्यांपाशी आला की थांबतो, आणि त्यांची नावं कुणाला माहीत आहेत का, असं विचारतो.