स्टूलवरचं अर्थशास्त्र

"जे काम माणसाला स्वतःला करता येतं, ते सरकारनं करू नये. एवढं एक पाळलं ना साहेब, तर निम्मे कर उद्या रद्द करता येतील," असं म्हणून काकांनी साहेबांसाठी तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

सरकारी कचेरीत बटणाची लिफ्ट येऊन अकरा वर्षं झाली होती. जुन्या लिफ्टचा दांडा भंगारात गेला. तो फिरवणारे काका मात्र स्टूलसकट नव्या लिफ्टमध्ये आले, कारण भंगाराच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्या स्टूलवर बसून त्यांनी वर्तमानपत्रांतले अर्थशास्त्रावरचे झाडून सगळे लेख वाचले. वाचले तिथवर ठीक होतं. ते त्यांना पटले.

अशात परिपत्रक निघालं : खर्चकपातीसाठी कर्मचाऱ्यांनी सूचना द्याव्यात. काकांनी एकच ओळ लिहिली, 'लिफ्टचालकाचं पद रद्द करावं', आणि खाली झोकात सही ठोकली.

"अहो, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पेन्शन कमी बसेल," काकू घरी म्हणाल्या.

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरं. तत्त्वाला किती शिट्ट्या करायच्या तेवढं सांगा, म्हणजे कुकर लावते."

चार दिवसांनी हेडक्लार्कनं त्यांना बाजूला घेतलं. "काका, सव्वाशे सूचना आल्या. एकशे चोवीस जणांनी शेजारच्याचं टेबल काढायला सांगितलंय. सगळ्यांवर हरकती आल्यात. तुमच्या सूचनेवर एकही नाही."

त्यामुळे अख्ख्या मोहिमेत तेवढी एकच कपात मंजूर झाली.

साहेब मनाचे चांगले. त्यांनी काकांना बोलावून घेतलं. "चौथ्या मजल्यावर रेकॉर्डरूममध्ये घेतो तुम्हाला. दोन वर्षं निवांत बसा."

काकांना स्वतःचा दुखरा गुडघा आठवला, काकूंचा कुकर आठवला. 'बरं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मग वाचलं काय साहेब?" ते म्हणाले. "खर्च तळमजल्यावरून चौथ्यावर गेला, एवढंच. तोही लिफ्टनं."

शेवटच्या दिवशी काकांनी स्टूल बाहेर काढून ठेवलं. गणवेशाची नीट घडी केली आणि ती चौथ्या मजल्यावर जमा करायला घरच्या शर्टात लिफ्टमध्ये शिरले. प्रथमच ते मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. स्टूलच्या चार पायांचे चार ठसे फरशीवर दिसत होते. तेवढ्यात साहेब आत आले.

"काका, तुम्ही आदर्श घालून दिलात. आज वरिष्ठांपुढे तुमचंच उदाहरण देणार आहे मी."

दार मिटलं. लिफ्ट जागची हलली नाही. काकांचा हात सवयीनं वर गेला. तो त्यांनी तत्त्वानं खिशात घातला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, छताकडे पाहिलं, मग एक डझन बटणांकडे पाहिलं.

"काका," ते हळूच म्हणाले, "जरा तिसरा दाबता का?"