सोनाबाई बसली ती खुर्ची

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी घडीची खुर्ची आहे. माझा एक पाय डुगडुगतो आणि पाठीच्या पट्ट्यांत भुंग्याने घर केले आहे. तरी आज सकाळी मला बैलगाडीत चढवले आहे. गाडी कुठे निघाली आहे ते कळायला हवे असेल, तर आधी मागचे ऐका.

माझा जन्म चौलचा. १९२२ साली फिरोजाबींचा मुलगा सिराजुद्दीन मुंबईच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. घरातले सगळे पुरुष गलबतांवरून माल पाठवणारे. शिकवणारा हा पहिलाच. फिरोजाबींनी बाळाजी सुताराला बोलावून परसातला फणस दाखवला. "घडीची कर," त्या म्हणाल्या. "माझा सिराज एका जागी बसणारा नाही." बाळाजीने रंधा मारून मला अशी गुळगुळीत केली, की आल्यागेल्याने हात फिरवल्याशिवाय राहू नये.

कॉलेजातली माझी वर्षे सुखात गेली. प्राध्यापक वर्गात विचारत, "राज्य म्हणजे काय?" मुले पुस्तकातले उत्तर घडाघड म्हणत. प्राध्यापक हसून म्हणत, "हे झालं पुस्तकातलं. तुमच्या गावात कोणाच्या शब्दाला लोक घाबरतात, ते सांगा." मग मुले पुस्तके मिटत. त्यांनी जुन्या बंदरांतल्या पंचांच्या कारभारावर प्रबंध लिहिला. त्याची वाहवा झाली, सत्कार झाला, हार माझ्याच पाठीवर अडकवले. विभागप्रमुखाची जागा त्यांनाच मिळणार असे सगळे धरून चालले होते.

पण लोक कोणाच्या शब्दाला घाबरतात, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला होता. १९३१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत ते मला घेऊन डोंगराकडच्या एका खोताच्या गावी गेले. हे खोत म्हणजे सरकारसाठी शेतसारा गोळा करणारे, आणि गावापुरते स्वतःच सरकार असलेले. अण्णा खोतांनी सरबत दिले, गोड बोलले. "विचारा की, कोणालाही विचारा," ते म्हणाले. "आमच्या गावात लपवण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी भागोजी नावाच्या कुळाच्या अंगणात मला उघडून ठेवले आणि स्वतः खाली सारवलेल्या जमिनीवर बसले. "बसा," ते म्हणाले.

भागोजीने हात जोडले. "खोताच्या गावात आमी खुर्चीत? न्हाय साहेब. न्हाय जमायचं."

त्याची बायको सोनाबाई दारात उभी होती. तिने पदर खोचला. "मी बसते. बगू काय व्हतंय."

ती अगदी कडेला टेकली.  पण आवाज खणखणीत होता. अर्ध्याहून जास्त भात खोताला कसे जाते, खोताच्या घरी फुकट किती राबावे लागते, लेकीच्या लग्नाआधीही खोताची परवानगी कशी घ्यावी लागते, सगळे तिने सांगितले. कुंपणापलीकडे खोतांचा कारभारी तुकाराम पान चघळत उभा होता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गावात आमच्यासमोर एकही दार उघडले नाही. भर दुपारी सोनाबाईच्या पेंढ्याची उडवी पेटली, आणि विझवायला शेजारचे कोणीच धावले नाही. पावसाच्या तोंडावर खोतांनी तिचे शेत काढून घेतले. कुळाने जमीन राजीखुशीने सोडली, असे ते म्हणू लागले.

प्रकरण कोर्टात गेले. कॉलेजच्या प्रिन्सिपलांनी प्राध्यापकांना बोलावून घेतले. "खोत आणि कुळांच्या भांडणात आपण पडायचं नाही. साक्ष दिलीत, तर विभागप्रमुखाची जागाच काय, नोकरीसुद्धा विसरा."

"त्या बाईला मी विचारलं म्हणून ती बोलली," प्राध्यापक म्हणाले. "आता मी गप्प बसू?"

त्यांनी साक्ष दिली. खोतांचा वकील हसून म्हणाला, "प्राध्यापक जमिनीवर आणि कुळाची बाई खुर्चीत! हे संशोधन की चिथावणी?"

"मी शिकायला गेलो होतो," प्राध्यापक म्हणाले. "शिकवणाऱ्यालाच खुर्ची द्यायची असते."

कोर्टात कोणी हसले नाही. पण जमीन सोडल्याच्या कागदावर भागोजीचा अंगठा होता. तो कसा घेतला गेला, हे सिद्ध करता आले नाही. शेत गेले. प्राध्यापकांची नोकरीही गेली, आणि ते मला घेऊन चौलला आईकडे परतले.

सोनाबाई मिठागरावर कामाला निघाली, तेव्हा चौलला निरोप घ्यायला आली. प्राध्यापकांना तिच्याकडे बघवेना. "माझ्यामुळे झालं हे सगळं," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं कसं?" ती म्हणाली. "मला बसायचं व्हतं, म्हनून बसले. ते माजं हाय. तेवढं तरी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर मला घडी करून दाराआड टाकले. दोन पावसाळे मी तशीच कुजत होते. प्राध्यापक लिहीत नव्हते, बोलत नव्हते. बाजाराच्या दिवशी तुकाराम मुद्दाम घरावरून जाई आणि हसून सलाम करी. फिरोजाबी खिडकी लावून घेत.

मग परवा पलीकडच्या खोऱ्यातून रंगू नावाचा माणूस आला. तिकडच्या कुळांनी खोताविरुद्ध संप करून नांगर खाली ठेवले होते. "साहेब, आमच्याकडं या, आमचं म्हननं लिवून घ्या. तुमच्याशी बोलंल त्याचं शेत काढून घेनार, म्हनतो आमचा खोत."

"खरंच घेईल," प्राध्यापक म्हणाले. "मी पाहिलंय."

"न्हाय बोलून तरी कुटं आमचं ऱ्हायलंय?"

प्राध्यापकांनी उठून मला दाराआडून बाहेर काढले, पुसले आणि खोबरेल चोळले. फिरोजाबींनी "अल्ला खैर करो" म्हणत डबा बांधून दिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना उन्हापावसात टाकू नका. थोडे तेल, थोडी पुसापुशी एवढीच आमची मागणी. पण त्याहून मोठी निगा माणसाची. ज्याला तुम्ही बोलते कराल, त्याला नंतर एकटे सोडू नका.

आता गाडी घाट चढली आहे. पुढच्या वळणावर काही माणसे रस्ता अडवून उभी आहेत. हातांत काठ्या आहेत, आणि सगळ्यांत पुढे तुकाराम; खोत खोताच्या मदतीला धावतोच. गाडीवान मागे वळून विचारतो, "साहेब, फिरवू का?"

प्राध्यापकांचा हात माझ्या पाठीवर आहे. 

"नको," ते म्हणतात. "हाक."

बैल चालू लागले आहेत.