चिंचोक्यांची साक्ष

तानामायच्या उजव्या कानात पिठाची चक्की चालते, हे देऊळघाटात सगळ्यांना माहीत होतं. डाव्या कानात नुसती शिट्टी. तीन वर्षं झाली होती. "कधी थांबते का?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "जेवताना जराशी दमते, पोरी. तिलेही भूक लागत असन."

मी १९६४ साली अमरावतीहून बी.एस्सी. होऊन आले आणि बुलढाण्याच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले. राहणं देऊळघाटातच, तानामायच्या शेजारी. त्या पावसाळ्यात शंकरराव वैद्यांनी कान वाजणाऱ्या बारा म्हाताऱ्यांना जस्ताचं भस्म सुरू केलं. महिन्याभरात अकरा जणांना उतार पडला. पडला नाही तो एकट्या तानामायला.

वैद्य पारावर म्हणाले, "औषधात दोष नाही. या बाईचा कान नाही वाजत, डोकं वाजतं."

तिच्या मुलाने, भाऊरावने, ते वाक्य घरी आणलं. तानामाय चाळीस वर्षं बुलढाण्याच्या बाजारात भाजीचं दुकान लावत होती. भाऊरावने ठरवलं, दिवाळीपासून तिथे सून बसेल.

"डोकं फिरलेल्या बाईच्या हाती तागडी देऊ काय?" तो मला म्हणाला.

आतून आवाज आला, "मी यडी नाई बे! कान वाजते म्हनून खरं सांगतलं, हाच माहा गुन्हा."

मी वैद्यांकडे गेले. औषध गुणकारी असेल तर तपासायला काय हरकत, असं चारचौघांत विचारलं. चारचौघांत विचारल्यामुळेच ते हो म्हणाले. "तपास की, कोकिळा. कॉलेजात शिकलीस ते कामाला तरी येऊ दे."

उकंडराव गुरुजी निवृत्त शिक्षक. भस्म गुळाच्या गोळीत भरायचं त्यांनी कबूल केलं. सहा जणांच्या गोळ्यांत भस्म, सहांच्या गोळ्यांत ज्वारीचं पीठ. पुड्यांना लाल आणि पिवळा दोरा. कोणत्या दोऱ्यात काय, हे फक्त गुरुजींना ठाऊक. सकाळी एकेकाने त्यांच्या खोलीत एकट्याने यायचं, आणि कान जेवढा वाजतो तेवढे, शून्य ते दहा, चिंचोके आपापल्या मडक्यात टाकायचे.

पहिल्याच दिवशी एकाही मडक्यात शून्य नव्हतं. 'उतार पडलेल्या' रुखमाबाईंचे तर आठ होते.

"वैद्यांना तर बरं वाटतं म्हणालात ना?" मी त्यांना विचारलं.

"मंग काय म्हनू? मानूस घरी येते, नाडी पाह्यते. त्याच्या तोंडावर गुन नाई कसं म्हनावं? तू सांगजो नको हं त्याले."

मी सांगणार नाही असं वचन दिलं, आणि लगेच पस्तावले. माझ्या वहीत जे होतं ते आता उघड करता येत नव्हतं, म्हणजे तानामायच्या कामाचं नव्हतं.

दहाव्या दिवशी शाळेतून लवकर आले. मारुतीच्या देवळात बाराही जण बसले होते. मध्ये एक परात. लाल आणि पिवळ्या दोऱ्यांच्या पुड्या उघडून सगळ्या गोळ्या त्या परातीत ओतल्या होत्या आणि त्यांच्यातलीच अंबूबाई त्या वाटत होती.

"हे काय केलं!"

"एकाले लाल, एकाले पिवळी, असा दुजाभाव देवळात चालते काय?" अंबूबाई म्हणाली. "पहिल्या दिसापासून वाटून खातो आम्ही. घे, तूही एक खा."

दहा दिवसांचे आकडे वाया गेले. वैद्यांना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. भाऊराव म्हणाला, "सोडून दे आता, ताई." दिवाळीला पाच आठवडे होते.

रागाने मी वही मिटली. तानामाय दारातच उभी होती. "थकली काय? मी तर नाई थकली. चक्की चालूनच राह्यली."

यांना वाटून खायचंच असेल तर खाऊ दे, असं तेव्हा मनात आलं. बाराही जणांना एका पंधरवड्यात एकच वस्तू द्यायची. एक पंधरवडा भस्म, एक पंधरवडा पीठ. मग परात मध्ये आली तरी काही बिघडत नाही. आधी कोणतं, ते गुरुजींनी चिठ्ठी टाकून ठरवलं आणि ती पाकिटात बंद केली.

धनत्रयोदशीच्या सकाळी पारावर पाकीट उघडलं. भस्माच्या पंधरवड्याची सरासरी सहा. पिठाच्या पंधरवड्याचीही सहा. दशांशात जो काही फरक होता, तो ज्वारीच्या बाजूने.

वैद्य म्हणाले, "बाराच माणसं! एवढ्यावर काय ठरतं?"

"बाराच," मी म्हटलं. "जस्ताचा कधीच उपयोग होणार नाही, असं मी म्हणत नाही. पण अकरांना उतार पडला म्हणताना तुम्हीही बाराच मोजले होते."

"त्या अकरांना विचार की मग!"

रुखमाबाईंना वचन दिलं होतं, म्हणून मी वही उघडली नाही. मग रुखमाबाई पदर सावरत उठल्या. "वैद्यबुवा, राग मानू नका. माह्या कानात रातकिडे हायेत. होते तसेच हायेत."

"माह्याही," अंबूबाई म्हणाली. मग निवृत्तीबुवांनी हात वर केला, आणि मग हात मोजायची गरज उरली नाही.

"पथ्य पाळलं नसेल तुम्ही," वैद्य म्हणाले.

"पाळलं!" तानामाय उसळली. "दोन महिने मिरची नाई खाल्ली मी. बरी तं झाली नाई, पन खोटीबी नाई. आता सांगा, कोनाचं डोकं वाजते?"

तिने भाऊरावकडे पाहिलं नाही. घरी गेली, खुंटीवरची तागडी काढली आणि पदराने पुसली. भाऊरावने टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली.

पुढच्या बाजारी मी तिच्यासमोर उभी होते. एका ओळखीच्या बाईने वाकून विचारलं, "कसं काय, तानाबाई, कान बरा झाला काय?"

"नाई," तानामाय मोठ्याने म्हणाली. "वांगे किती देऊ?"