पुढचं त्याचं, मागचं तिचं

"बघ, बघ, आज परत जोडतोय!" नोरीनने कॉफीचा मग खिडकीत ठेवला आणि शेजारच्या डेलला हाक मारली.

समोरच्या जागेवर वेंडेल वाळूत गुडघे टेकून बसला होता. त्याने आपल्या लांबलचक घरगाडीच्या मागे जीप आणून उभी केली होती. दोन्ही गाड्यांमध्ये दांडा अडकवला, खिळी घातल्या, साखळ्या लावल्या, दिव्यांची वायर खोचली. मग घरगाडीत चढून चार हात पुढे गेला, थांबला, खाली उतरला, बायकोकडे बघितलं आणि केलेलं सगळं सोडायला लागला. आठवडाभर रोज सकाळी हाच उद्योग चालला होता. हिवाळा काढायला ॲरिझोनात आलेली माणसं एकदा जीप सोडली की वसंतापर्यंत पुन्हा जोडायचं नाव काढत नाहीत.

"बायकोशी भांडून निघत असेल रोज," डेल म्हणाला, "आणि न्याहारीचा वास आला की विचार बदलत असेल."

नोरीन हसली, पण तिचं समाधान झालं नाही. घरगाड्यांचा हा तळ सांभाळायचं काम तिच्याकडे होतं, आणि कोणाच्या तव्यावर काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं. नाहीच कळलं तर ती जाऊन झाकण उघडून बघायची. तिला खरं कोडं पडलं होतं ते वेंडेलच्या बायकोचं. ओपल मांडीवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसलेली असायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. आता, जोडणी करणाऱ्या माणसाशी बोलू नये हे तळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गप्पांच्या नादात एक खीळ राहते आणि भर रस्त्यात जीप आपल्या वाटेने निघून जाते. पण नवरा धडपडतोय, चुकतोय, आणि बायको शेवटपर्यंत गप्प? नोरीनने असं लग्न आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी राहवेना, तेव्हा तिने मक्याचा पाव भाजला आणि वेंडेल पाणी आणायला गेल्याची वेळ साधून ओपलकडे गेली.

"ये, बस. कधी विचारतेस याचीच वाट बघत होते," ओपल म्हणाली.

"अगं, मी कुठं काय विचारलं?"

"तुझ्या नाकाने विचारलं. आठवडाभर खिडकीबाहेर आहे ते."

नोरीनला लाजही वाटली आणि हसूही आलं. ओपलने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही, नुसता हातात धरला.

"तो जन्मभर मिनेसोटात पावाची गाडी चालवायचा," ती म्हणाली. "गावोगाव फिरायचं, दुकानांत पाव टाकायचे. स्टिअरिंग सोडून त्याला काही येत नाही. ही घरगाडी घेतली तेव्हाच आमचं ठरलं, पुढचं त्याचं, मागचं माझं. जोडायचं मी, सोडायचं मी. जीपमध्ये मोठ्या गिअरशेजारी तो धाकटा गिअर कशाला असतो विचार त्याला. शोभेला, म्हणेल!"

"मग आता त्याला का छळतेस, बाई?"

"यूमाच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काही मी बघत नाही." दूध संपलंय म्हणावं तशी ती बोलली. "घर आम्ही विकलंय, नोरीन. आता हेच घर. मुलगी म्हणते, गाड्या विकून टाका, बाबांना मी नेते, तळघरात खोली रिकामी आहे. तळघरात! रस्ता दिसल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, त्याला! मी तिला सांगितलंय, माझ्याशिवाय त्याला जोडता आलं तर तो त्याच्या घरात राहील. नाही आलं तर ने मग."

"त्याला माहीत आहे हे?"

"सगळं. सकाळी उठतो, मुकाट्याने हातमोजे चढवतो. आम्ही त्यावर बोलत नाही. काही चुकलं की मी फक्त मान हलवते. मान हलली की तो दिवस बाद. तो धाकटा गिअर न्यूट्रलला टाकायचा, तेवढंच हमखास विसरतो. मग जीपची मागची चाकं फिरतच नाहीत. हायवेवर तसा गेला ना, तर टायर आणि गिअरबॉक्स दोन्हींची वाट लागेल, आणि हा बसेल वाळवंटात गिधाडं मोजत."

दुसऱ्या दिवसापासून नोरीन आपली खुर्ची घेऊन ओपलच्या शेजारी जाऊन बसू लागली. पहिल्याच सकाळी वेंडेल गिअर विसरला. ते दिसताच नोरीनच्या तोंडातून "अरे—" निघालंच होतं, तोच ओपलने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. घरगाडी हलली आणि जीपच्या मागच्या चाकांनी वाळूत दोन लांब चर पाडले. वेंडेलने उतरून ते चर बघितले, टोपी काढली आणि स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

"देवा, जमू दे रे याला," नोरीन पुटपुटली. तिचा जीव आता त्या गिअरमध्ये अडकला होता.

आणि एका वाऱ्याच्या सकाळी जमलं. दांडा, खिळी, साखळ्या, वायर, सगळं झालं. जीपमध्ये बसल्यावर वेंडेलचा हात आपोआप धाकट्या गिअरकडे गेला. मग घरगाडीत चढून त्याने ती पुढे घेतली, तशी जीपची चारही चाकं गुमान तिच्या मागे फिरायला लागली. तो थांबला नाही. अख्ख्या तळाला वळसा घालून, डेलला हात दाखवून परत आला.

"आलं गं त्याला," ओपल म्हणाली आणि रडायला लागली. "मुलीला फोन करते आज."

"मग रडतेस कशाला, वेडे?"

"आलं म्हणूनच रडतेय. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याशिवाय याचं पान हलत नाही. हललं की!"

नोरीनने तिच्या मांडीवरची घोंगडी सारखी केली. ती उठून वेंडेलचं अभिनंदन करायला त्याच्या खिडकीपाशी गेली. आत सीटजवळ कापलेला झाडूचा दांडा होता, टोकाला चिंधी गुंडाळलेला. तसाच एक नोरीनच्याही गाडीत होता. एकट्याने फिरणारी माणसं ब्रेक दाबलेला राहावा म्हणून तो सीट आणि पेडलच्या मध्ये अडकवतात आणि मागे जाऊन दिवे बघून येतात. हे ओपलने त्याला शिकवलेलं दिसत नव्हतं, त्याने आपलं आपणच शोधून काढलं होतं.

तिने पाहिलं हे वेंडेलने पाहिलं. पायानेच त्याने तो दांडा सीटखाली ढकलला.

"ओपल!" तो ओरडला. "ब्रेकचे दिवे लागतात का बघ की गं! इथून मला काय दिसणार?"

"बघितलंस? हे राहिलंच होतं!" ओपलने डोळे पुसले. "याच्या मागे कोण उभं राहणार होतं, मी विचारते!"

ती खुर्चीतून उठली. नोरीनने धावत येऊन हात पुढे केला तो तिने झिडकारला, आणि घोंगडी सावरत, जीपच्या अंगाला धरून, बडबडत बडबडत मागे गेली. झाडूच्या दांड्याची गोष्ट नोरीनने पोटातच ठेवली.

"लागले!" ओपलने हात वर केला. "दोन्ही लागले! सोड आता!"

वेंडेल आरशात बघत राहिला. ब्रेकवरचा पाय त्याने लगेच काढला नाही.