अठरा सेकंदांचे पप्पा

आधीच सांगून टाकतो. ती क्लिप मी कापली. कुठल्या पक्षाच्या आयटी सेलने नाही, मी. स्वतःच्या बापाची.

ठाण्यात एक चॅनल आहे. यूट्यूब आणि केबल. रोज रात्री साडेदहाला लाइव्ह डिबेट, 'रात्रीचा आखाडा'. अँकर सुशांत, मी मागच्या खोलीत. भांडण चालू असतानाच त्यातले तुकडे कापून नेटवर टाकायचे, हे माझं काम. शिकवलं कोणी नाही. मोबाइलवर बघून बघून शिकलो. नियम एकच, पहिल्या तीन सेकंदात आग लागली पाहिजे.

एप्रिलचा पहिला आठवडा. विषय होता, 'जयंतीत डीजे : हक्क की धिंगाणा?' सुशांत म्हणाला, "राज, तुझे पप्पा भीमगीतं गातात ना रे? आण ना त्यांना. एकदम ऑथेंटिक वाटेल."

मी आणलं. खुश होतो, खोटं कशाला बोलू.

पप्पा म्हणजे सखाराम, आंबिवलीचे. एकतीस वर्षं स्वतःची गायन पार्टी. हार्मोनियम, ढोलकी, मागे कोरसला दोघं आणि पुढे पप्पा. आमच्या वस्तीत तेरा एप्रिलच्या रात्री, बारा वाजायच्या आधी, सखाराम आणि पार्टीच गाणार, हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं. पप्पांची कंपनी बंद पडली, दात पडले, पण ते स्टेज पप्पांकडून कोणी घेतलं नाही. वस्तीत त्यांचं जे काय नाव आहे ते त्या एका रात्रीचं.

आता एक गोष्ट समजून घ्या. गायन पार्ट्यांचा सामना असतो. दोन पार्ट्या समोरासमोर. समोरच्याने सवाल टाकला की पप्पांच्या पार्टीची रीत अशी की आधी त्याचा सवाल आपण गायचा. पूर्ण, आणि त्याच्यापेक्षा भारी. पब्लिकला वाटलं पाहिजे, आयला, बरोबरच आहे की ह्याचं. मग आपला जवाब. सवाल अर्धा गायलास तर लोक म्हणतात घाबरला. जवाब न देता उठलास तर हरलास.

पप्पा डिबेटमध्ये पण तेच करणार. दुसरं येतच नाही त्यांना. आणि हे मला माहीत होतं.

त्या रात्री समोर एक रिटायर्ड साहेब होते. पोरांवर दहा मिनिटं तोंडसुख घेतलं त्यांनी. एक पक्षाचा प्रवक्ता आणि एक डीजेवाला मध्ये मध्ये ओरडत होते. मग सुशांत पप्पांकडे वळला. "काका, तीस सेकंदात बोला."

पप्पांनी जॅकेट सारखं केलं. "साहेब काय म्हणतात ते आधी सांगतो." मग आवाज चढवला. "आमची पोरं दारू पिऊन नाचतात! बाबासाहेब ह्यांना कळलेच नाहीत! एक पुस्तक उघडलं नाही आणि चालले मिरवणुकीला! जयंती नाही ही, धिंगाणा आहे!" श्वास घेतला. "आता ह्याचा जवाब ऐका..."

"ऐकूया! पण एका छोट्या ब्रेकनंतर!"

लगेच माझ्या हेडफोनमध्ये सुशांत, "राज, काकांनी तोडलं यार! टाक, आत्ताच टाक!"

'साहेब काय म्हणतात' मी उडवलं. तीन सेकंदांचा नियम. 'जवाब ऐका' पण उडवलं, ते लटकत होतं. राहिले अठरा सेकंद. म्हटलं जवाब आला की दुसरी क्लिप टाकू. ब्रेकनंतर सुशांत प्रवक्त्याकडे गेला आणि पप्पांकडे परत आलाच नाही. वर मथळा त्याने लिहिला, 'भीमगायकानेच पोरांना झापलं'.

सकाळपर्यंत तीन लाख लोकांनी बघितलं.

मम्मीने मला लाथ घालून उठवलं. खरंच लाथ. "ऊठ! रमाबाई पाण्याला उभी होती, माझं तोंड बघून हंडा घेऊन निघून गेली. काय केलंस रे ह्यांचं?"

बाहेर गेलो. नाक्यावर जयंतीचा बॅनर. पप्पांच्या फोटोवर दुसऱ्याच पार्टीच्या नावाचा कागद चिकटवलेला. त्याच्यावर मार्करने 'दलाल'.

एकतीस वर्षं फुकट गायला तो माणूस. दलाल.

डोकं फिरलं माझं. कागद ओढला तर खालचा फोटोपण फाटून आला.

घरी पप्पा बशीत चहा ओतत होते. क्लिपबद्दल एक शब्द नाही. "जवाब न देता उठलो मी," एवढंच. "तुमच्या ऑफिसची ती पोरगी आली, माइक काढायला लागली, संपलं म्हणे. मी पण येड्यासारखा उठलो."

"पप्पा, लोक दलाल म्हणतायत तुम्हाला!"

"म्हणणारच. अर्धं ऐकलं त्यांनी." मग हळूच म्हणाले, "ब्रेकमध्ये सगळं बोललो होतो मी. उभा राहून. साहेब मोबाइल बघत बसले."

ब्रेकमध्ये! अरे, ब्रेकमध्ये आमचे कॅमेरे बंद होतच नाहीत. कॉलरचा माइक पण चालू असतो.

दुपारी ऑफिस गाठलं. रेकॉर्डिंग होतं. चार मिनिटं. पप्पा उभे, समोर साहेब खाली मान घालून मोबाइलमध्ये. "साहेब, माझा बाप गावात चपला हातात घेऊन रस्त्याने जायचा. त्याच्या नातवंडाने रस्त्यावर नाचायचं नाही तर कुठे नाचायचं? पोरगा दारू प्यायला तर मी त्याचा कान धरीन. मी त्याचा काका आहे. तुम्ही कोण? लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्याला विचारलंत कधी, बाबा, पुस्तक किती वाचलंस? आम्हालाच का विचारता?"

सुशांतला दाखवलं.

"मस्त आहे," तो म्हणाला. "पण चार मिनिटं कोण बघतं भावा?"

"मग मथळा तरी काढ."

"तीन लाखाला हात लावू? येडा झालास?" खांद्यावर हात ठेवला माझ्या. "एक काम कर. शुक्रवारी काकांना घेऊन ये. जयंती मंडळाच्या पोरांना पण आण. समोरासमोर बसवू. फाडून टाकू."

"कोणाला फाडणार?"

"अरे, शो फाडू रे!"

तो मनापासून मदत करत होता. त्याला वाटत होतं हे चांगलंच आहे. तेच जास्त डोक्यात गेलं. पप्पांची चार मिनिटं मोबाइलमध्ये घेतली आणि निघालो. खुर्चीला लाथ मारली. लागलं मलाच.

संध्याकाळी मंडळाच्या ऑफिसात. दिपेश अध्यक्ष, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, लहानपणी पप्पांच्या पार्टीत टाळ वाजवायचा. पाच-सहा पोरं बसलेली. माझ्या जय भीमला जय भीम कोणी घातलं नाही. मी मोबाइल पुढे धरला. चारही मिनिटं बघितली त्यांनी, हे कबूल.

दिपेश म्हणाला, "कधी बनवलंस?"

"बनवलं म्हणजे?"

"एडिटर आहेस ना तू? आज बापाला उभा केलास, बोलायला लावलंस, मागे साहेब चिकटवला. येतं तुम्हाला सगळं."

"आई शप्पथ, त्याच रात्रीचं आहे."

"मग टीव्हीवर का नाही आलं? काका बोलले तर मध्येच कापलं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चॅनलने कापलं म्हटलं असतं तर चाललं असतं. चॅनलला शिव्या घालायला सगळे तयार बसले होते.

"मी," म्हटलं. "पहिली क्लिप मीच कापली. 'साहेब म्हणतात' हे मी काढलं. पुढचं 'जवाब ऐका' पण मीच."

"माहीत असून?"

"माहीत असून."

दिपेशने कानफटात दिली. मोबाइल उडाला. दुसरी द्यायला हात उचलला तर एक पोरगा मध्ये पडला. "सोड रे, काकांचा पोरगा आहे."

"म्हणूनच मारतोय!" दिपेश ओरडला. त्याचे डोळे भरलेले. "आम्ही काकांना दलाल लिहिलं, साल्या! माझ्या हाताने लिहिलं मी!"

मग दिपेशने मोबाइल उचलला, माझ्या छातीवर मारला. "बॅनर नवीन लागेल. काकांच्या पाया मी पडतो. पण तेराला, काका गायच्या आधी, तू स्टेजवर जायचं. माइकवर सांगायचं, आत्ता सांगितलंस तसंच. बायाबापड्यांसमोर."

मी हो म्हटलं.

पप्पांना कळल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, दिपेशलाच म्हणाले, "दोन मिनिटं द्या त्याला. जास्त नको. आमची गाणी भरपूर आहेत." मम्मी अजून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढून सरकवते.

काल सुशांतचा मेसेज. 'ऐकलं, तू स्टेजवर माफी मागतोयस! जबरदस्त. कॅमेरा पाठवतो, लाइव्ह घेऊ.'

ब्लॉक केला. पाच मिनिटांनी अनब्लॉक केला, आईवरून शिवी लिहिली, पाठवली, परत ब्लॉक केला.