अप्पांचा दाट चहा

अप्पा आजारपणातून वाचले, पण पाण्याशी त्यांचं बिनसलं. पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला होता. बोलणं जवळजवळ पूर्ववत झालं होतं, उजवा हात सुधारत होता; घसा मात्र ऐकेना. मऊ खाणं नीट जायचं, पण पातळ काही घोटभर घेतलं की ठसका लागायचा. चाळीस वर्षं घरं रंगवताना दिवसाला आठ कप चहा रिचवणारा हा माणूस तीन आठवडे चहाविना रुसून बसला होता.

मग गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या आणि त्यांनी सुनेच्या हातात पांढऱ्या पावडरीचा डबा दिला.

"पातळ पदार्थ घाईघाईने श्वासनलिकेत शिरतो. ही घालून दाट केला की सावकाश उतरतो."

अप्पांची थोरली बहीण, आक्का, चष्मा सरसावून डब्यावरचं वाचत होती. "झँथन गम? अगं, माझ्या भावाला गोंद पाजताय?"

"गोंद नाही हो आत्या," सून म्हणाली.

"साखरेवर जिवाणू वाढवून बनवतात," बाईंनी सांगितलं.

"म्हणजे वर जिवाणूसुद्धा!"

बाई हसल्या. आक्कांना गहू चालत नसे, म्हणून त्या कुठेही गेल्या तरी आपला वेगळा पाव बरोबर नेत. टेबलावरचं ते पाकीट बाईंनी उलटं करून दाखवलं. त्यावरही तेच नाव होतं.

"गव्हाशिवाय पिठाला धरून ठेवायला काहीतरी लागतंच ना? सॉसमध्ये, आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्येही असतं हे."

"आक्का," अप्पा पलंगावरून म्हणाले, "सहा वर्षं तू गोंद खातेयस, तरी तोंड काही चिकटलं नाही तुझं!"

आक्का आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग स्वतःच हसत सुटल्या. लगेच त्यांना नातीची आठवण झाली. "आमची छकुली दूध टाकते. तिच्या बाटलीत घालू का चिमूटभर?"

"मुळीच नाही! तान्ह्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आतड्याला त्रास होऊ शकतो. अप्पांनाही ठरलेल्या मापानेच द्या, जास्त झालं तर पोट फुगेल, जुलाब होतील."

सुनेने चहा केला, चमचाभर पावडर एकदम टाकली आणि ढवळली. गुठळ्याच गुठळ्या झाल्या.

"ही काय भिंतीच्या भेगांत भरायची लांबी आहे?" अप्पा उठून बसले. "आण इकडे. नवा कप आण."

त्यांनी ढवळायला डाव्या हातात काटा धरला. मापाचा चमचा सुनेला धरायला लावला. "भुरभुरव. हळू. हात थांबवू नकोस." स्वतः ते एका लयीत ढवळत राहिले. मग दोन मिनिटं कुणालाही कपाला हात लावू दिला नाही. काटा उचलून धार पाहिली, मान डोलावली आणि घोट घेतला.

सगळ्यांनी श्वास रोखला. ठसका आला नाही. दुसरा घोट. तिसरा. सून डोळे पुसायला ओट्याकडे वळली.

"कसा लागतो रे?" आक्कांनी विचारलं.

"चहासारखाच. जरा आळशी आहे, एवढंच."

पुढच्या महिन्यात बाईंनी त्यांना दवाखान्यात बोलावलं, तपासायला नव्हे, इतर रुग्णांना चहा दाट करायला शिकवायला. आता दर मंगळवारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. गेल्या खेपेला एक निवृत्त शिक्षिका फुरंगटून बसल्या होत्या, कपाला शिवायलाच तयार नव्हत्या. अप्पांनी शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, "बाई, साखर किती घेता?"