लोबान तेलाच्या बाटलीची धास्ती

मित्रांनो, मी अंगठ्याएवढी, तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटात लोबानाचे तेल आहे. जुनी झाले याचा मला अभिमान वाटायला हवा. पण खरे सांगू? धास्तीच वाटते.

माझे मूळ मेळघाटातल्या सालईच्या झाडात. त्याच्या सालीला खाच पाडली की डिंक पाझरतो. बाजारात त्याला सरसकट लोबान म्हणतात. त्या डिंकातून वाफेवर तेल काढले, माझ्यात भरले आणि माझ्या तोंडात थेंबाथेंबानेच गळू देणारे बूच बसवले. वर चिठ्ठी चिकटवली. 'शुद्ध नैसर्गिक' हे शब्द ठळक, आणि 'थेट त्वचेवर लावू नये' हे मुंगीच्या पायाएवढे! लोकांना काय वाचायला आवडते, हे छापणाऱ्याला बरोबर ठाऊक असते.

अमरावतीच्या आचलने मला घेतले. ती कॉलेजात शिकवायची. थकून घरी आली की सुगंधाच्या दिव्यात, पाण्यावर, माझे थेंब सोडायची. चेहऱ्याला लावताना तळहातावर तिळाचे तेल घ्यायची आणि त्यात माझा एकच थेंब मिसळायची. चेहरा तुकतुकीत झाला तेव्हा सगळे श्रेय मला मिळाले. रोजच्या मालिशीला आणि वेळेवरच्या झोपेला काहीच नाही. मीही ते मुकाट्याने जमेला धरले.

मग ती बाळंतपणाला अकोल्याला माहेरी आली आणि मी बॅगेच्या कप्प्यात पडून राहिले. झाकण सैल होते. हवा आत शिरत गेली, तेल उग्र झाले. असे शिळे तेल कातडीला जास्तच झोंबते. मला ते कळत होते, पण सांगणार कोणाला?

एके सकाळी बाळाची आंघोळ झाली. न्हाऊ घालायला येणारी माणिकबाई त्याला मांडीवर घेऊन शेगडीपाशी बसली. आता धुरी द्यायची, तर डब्यातला लोबान संपलेला! आचल न्हाणीघरात होती. तिच्या आईने, बेबीताईंनी, बॅग धुंडाळून मला बाहेर काढले.

"हे पाय, लोबानच हाय. अन् तेल हाय, म्हंजे अजूनच भारी!"

"मंग आना ना लवकर, लेकरू गारठून राह्यलं," माणिकबाई म्हणाली.

बेबीताईंनी मला उलटे केले. थेंबही लवकर पडेना. "कंजूष मेले कंपनीवाले!" म्हणत त्यांनी अडकित्त्याच्या टोकाने माझे बूच उपटून काढले. आता मला धरणारे काहीच उरले नाही. खाली लाल निखारे. त्यांच्याशेजारीच बाळाच्या झबल्याची नाडी लोंबत होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. वास तेवढा सोडता येतो. होता नव्हता तेवढा मी सोडला.

तो न्हाणीघरात पोचला. दार धाडकन उघडले. आचल ओल्या केसांनीच धावत आली.

"आई, बाटली मागं घे! भडका होईन!"

बेबीताई दचकल्या. हात मागे आला आणि मी त्यांच्याच मनगटावर सांडले. तरी एक थेंब निखाऱ्यावर पडलाच. भपकन जाळ उठला. माणिकबाईने बाळ छातीशी ओढले आणि ती मागे सरकली.

"काहून वरडून राह्यली वं? झाडाचंच तं हाय," बेबीताई म्हणाल्या. बघता बघता मनगट लाल झाले, आग आग होऊ लागली. आचलने आधी साधे तिळाचे तेल लावून ते पुसले, मग साबणाने धुतले.

"बेबीताई, आज तं तुमचीच मालिश झाली!" माणिकबाई बाळाला थोपटत म्हणाली.

बेबीताई हसल्या नाहीत. मनगटाकडे पाहत म्हणाल्या, "माह्या राकट कातडीचं हे झालं. त्याची तं आत्ताशी आलेली कातडी हाय व माय."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असे म्हणतात. माझे मागणे उलटे आहे. आम्हाला थेंबाने वापरा, दुसऱ्या तेलात मिसळून लावा, निखाऱ्यापासून आणि लेकरांपासून लांब ठेवा. आणि शिळे झालो की माया न करता टाकून द्या. आचलला तेवढे जमले नाही. "वास अजून छान आहे," म्हणत तिने मला अमरावतीला परत नेले आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवले. परवा घर आवरताना मी खालच्या फळीवर आले. पोटात तेल उरलेले, बूच नाही, झाकणही नुसते टेकवलेले.

आणि बाळ कालपासून फळी धरून उभे राहायला लागले आहे.